आगीवाचून अग्निबाण

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय उघडले, की पहिले दोन-तीन दिवस वर्गात फटाक्यांच्याच गोष्टी चाललेल्या असतात. अशाच एका वर्षी प्रयोगशाळेत एक नवा विद्यार्थी डाव्या हाताने व्हर्निअरची निरीक्षणे लिहिताना दिसला. अक्षर फार वाकडे येत होते. जवळ जाऊन पाहिले, तर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे नव्हती. शिरूर आणि दौंड यांच्या मधल्या एका खेड्यातला हा मुलगा. आठवीत असताना त्याने आणि त्याच्या मित्रांनी न फुटलेल्या फटाक्यांतली दारू काढून एका लोखंडी नळीत भरली होती. त्यांना मोठा अग्निबाण करायचा होता. नळी जागीच फुटली.

हे सांगून झाल्यावर त्याने मला विचारले, "सर, पण आमची चूक नेमकी कुठे झाली? दुकानातला बाण तर त्याच दारूवर उडतो."

प्रश्न चांगला होता. "असले उद्योग करू नयेत" एवढे सांगून त्याचे उत्तर होत नाही. ते उत्तर पदार्थविज्ञानात आहे, आणि ते नीट समजले तर आगीची ठिणगीही न लावता तुम्हाला आपल्या शाळेच्या मैदानावरून नऊमजली इमारतीएवढ्या उंचीपर्यंत बाण उडवता येईल. कसा, ते आता पाहू.

बाण वर का जातो?

शेतात विहिरीवरची मोटर चालू केली आणि रबरी पाइपाचे तोंड मोकळे असले, तर ते नागाच्या फण्यासारखे मागे उसळते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पाणी पुढे जाते आणि पाइप मागे रेटला जातो. हाच न्यूटनचा तिसरा नियम. अग्निबाणाच्या पोटातून वायू जोराने खाली जातो, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून बाण वर जातो.

येथे एक गैरसमज होतो. खाली जाणारा वायू जमिनीला किंवा हवेला रेटा देतो म्हणून बाण वर जातो, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेचे शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्ड यांनी चंद्रापर्यंत अग्निबाण पाठवण्याची कल्पना मांडली, तेव्हा १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स' या मातब्बर वृत्तपत्राने त्यांची थट्टा केली. अवकाशात हवाच नाही, मग बाण रेटा कशाला देणार, असा त्या संपादकांचा आक्षेप होता! १९६९ च्या जुलैत अपोलो-११ चंद्राकडे निघाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या वृत्तपत्राने आपली चूक छापून कबूल केली. गॉडर्ड ती वाचायला हयात नव्हते.

वस्तुतः बाणाला बाहेरच्या हवेची गरज नसते. दर सेकंदाला किती वस्तुमान बाहेर पडते आणि ते किती वेगाने पडते, या दोहोंचा गुणाकार म्हणजे बाणावरचा रेटा. याला प्रणोद म्हणतात. ही व्याख्या लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तिचे काम पडणार आहे.

बाण आणि बॉम्ब

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. अग्निबाण म्हणजे एका तोंडाने उघडे असलेले, दाब सोसणारे भांडे. आत वायू तयार होतो आणि तोंडातून बाहेर पडतो. जेवढा तयार होतो तेवढाच बाहेर पडत राहिला, तर आतला दाब स्थिर राहतो. वायू तयार होण्याचा वेग बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा फार वाढला, तर दाब क्षणात चढतो आणि नळीच्या भिंतीला तो सोसवेनासा झाला, की नळी फुटते. बाण आणि बॉम्ब यांत फरक आहे तो एवढाच.

दारू फक्त पृष्ठभागावर जळते. दुकानातल्या बाणात ती दाबून घट्ट बसवलेली असते, त्यामुळे आग तिच्या उघड्या पृष्ठभागावरून थराथराने सरकते. तीच दारू फटाक्यातून सुटी काढून नळीत भुरभुरीत भरली, तर प्रत्येक कणाचा पृष्ठभाग उघडा पडतो. अखंड ओंडका तासभर जळतो, पण त्याच लाकडाचा भुसा हवेत उडवून पेटवला तर भडका होतो, तसाच हा प्रकार. सगळी दारू एकदम पेटते, एवढ्या वायूला तोंड पुरत नाही, आणि नळी लोखंडाची असली तर तिचे तुकडे गोळ्यांसारखे उडतात. त्या मुलांनी दारू तीच वापरली होती. तिच्या जळण्याचा वेग मात्र त्यांच्या हातात राहिला नव्हता.

लोखंडी नळीचा एक इतिहासही आहे. आपल्याकडे लढाईत बाण फार पूर्वीपासून होते, पण अठराव्या शतकात म्हैसूरच्या हैदरअली आणि टिपू यांच्या सैन्याने बाणाला लोखंडी नळी बसवली. लोखंड जास्त दाब सोसते, म्हणून बाण दूर जाऊ लागले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ते बाण इंग्लंडला नेले आणि त्यांच्या अभ्यासातून विल्यम काँग्रीव्हने आपले बाण तयार केले. २०१८ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या नगर या गावी एका कोरड्या विहिरीत असे हजारावर जुने बाण सापडले. पण ती शस्त्रे होती. शत्रूवर टाकायच्या वस्तूची रचना खेळासाठी उचलणे हीच मोठी चूक आहे.

एका चप्पल-बुटांच्या दुकानदाराची युक्ती

ही चूक केवळ आपल्याकडची मुले करत होती असे नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. धातूच्या नळ्यांत घरी केलेले मिश्रण भरताना अनेक मुले जखमी झाली. त्याआधीच, १९५४ च्या सुमारास, नेब्रास्का राज्यातल्या ऑरव्हिल कार्लाइल या पादत्राणांच्या दुकानदाराने एक वेगळा छोटा बाण बनवला होता. नळी कागदाची, शेपटीचे पंख हलक्या बाल्सा लाकडाचे आणि खाली उतरायला हवाई छत्री. धातूचे नाव नाही. इंधनाची कांडी तयार मिळालेली, ती फक्त आत सरकवायची. अग्निबाणांच्या चाचणी-केंद्रावर काम करणाऱ्या हॅरी स्टाइन यांनी मुलांच्या अपघातांविषयी लिहिलेला लेख कार्लाइलच्या वाचनात आला, आणि त्याने आपले नमुने स्टाइनना धाडले. या दोघांनी मिळून जो छंद रूढ केला, तो आज अनेक देशांत शाळांच्या आणि बागांच्या मैदानांवर चालतो. त्याचा पहिला नियम असा : इंधन विद्यार्थ्याने बनवायचे नाही. कारखान्यात बनलेली कांडी वापरायची आणि दूर उभे राहून विजेच्या तारेने ती पेटवायची.

ज्यांचा व्यवसायच अग्निबाणांचा आहे, तेही इंधनाला असेच भितात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा येथून आपल्या देशातले पहिले अवकाश-संशोधनाचे उड्डाण झाले. तो 'नाइके-अपाची' बाण अमेरिकेकडून मिळालेला होता. चारच वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ रोजी, आपण स्वतः बनवलेला 'रोहिणी-७५' उडाला. त्याचा व्यास होता अवघा ७५ मिलिमीटर! पुढे घन इंधनाचे काम वाढवण्यात आपल्या पुण्याचे डॉ. वसंतराव गोवारीकर यांचा वाटा फार मोठा होता. १० ऑगस्ट १९७९ चा पहिला प्रयत्न फसल्यानंतर १८ जुलै १९८० रोजी चारही टप्पे घन इंधनावर चालणाऱ्या 'एसएलव्ही-३' ने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. अशा इंधनाची मिश्रणे करताना माणसे जाड भिंतींपलीकडे असतात आणि यंत्रे दुरून चालवली जातात. जे काम जाणकार मंडळी भिंतीआडून करतात, ते आपण अंगणात बसून करावे काय?

आणि परवान्यावाचून स्फोटक पदार्थ बनवणे हा आपल्या देशात गुन्हाही आहे. इंधनाच्या तयार कांड्या तर आपल्या गावच्या दुकानात मिळत नाहीत. मग काय करायचे? इंधन वगळायचे. प्रणोदाची व्याख्या आठवा. तिच्यात आगीचा उल्लेख कोठे आहे? वस्तुमान हवे आणि वेग हवा. वस्तुमान पाण्याचे घेऊ, आणि वेग दाबलेल्या हवेकडून मिळवू.

आपला बाण

साहित्य असे : शीतपेयाची दोन लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली, तिच्या तोंडात घट्ट बसणारे प्रयोगशाळेतले रबरी बूच, फुटबॉलमध्ये हवा भरण्याची सुई, दाबमापक असलेला सायकलचा पंप, जाड पुठ्ठा, चिकटपट्टी आणि मूठभर शाडू. बाटली शीतपेयाचीच घ्या. ती वायूचा दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली, काचेची बाटली किंवा धातूचा डबा मुळीच वापरू नका. गंमत अशी, की या बाटलीचा व्यास सुमारे ११ सेंटिमीटर भरतो. म्हणजे जाडीच्या बाबतीत तुमचा बाण आपल्या पहिल्या रोहिणीपेक्षा वरचढ ठरला!

बुचाची जाडी सुईच्या लांबीपेक्षा थोडी कमी ठेवा आणि शिक्षकांकडून सुई बुचातून आरपार घालून घ्या. बाटली उलटी धरली की तिचा बूड वर येतो. त्यावर पुठ्ठ्याचा शंकू बसवा आणि शंकूच्या आत शाडूचा गोळा दाबून भरा. तोंडाच्या बाजूला पुठ्ठ्याचे तीन सारखे पंख चिकटवा. बाटलीत ६०० घन सेंटिमीटर पाणी घालून बूच घट्ट बसवा. जमिनीत तीन कामट्या उभ्या रोवून त्यांच्यामध्ये बाटली तोंड खाली करून ठेवा, पंख कामट्यांच्या मधून सुटतील असे पाहा. पंपाची नळी आखूड असते, म्हणून सायकलच्या दुकानातून दाब सोसणारी तीन-चार मीटर नळी जोडून घ्या. आता दुरून हवा भरा. दाब पुरेसा झाला की बूच आपोआप निसटते आणि बाण सुटतो.

बूच निसटते, ही या बाणाची सर्वांत चांगली गोष्ट आहे. बाटली फुटण्याच्या कितीतरी आधी बूच हार मानते. शिवाय आत किती दाब आहे हे दाबमापकाचा काटा प्रत्येक क्षणी सांगतो आणि तुम्ही पंप थांबवलात की दाबही तेथेच थांबतो. दारूच्या नळीत यातले काहीच नसते.

थोडे गणित

समजा, ३० पौंडांवर बूच सुटले. हा बाहेरच्या हवेपेक्षा जादा असलेला दाब दर चौरस मीटरला सुमारे २ लाख न्यूटन होतो. दाबलेली हवा पाण्यावर जे कार्य करते त्याची पाण्याला गतिज ऊर्जा मिळते. म्हणून दाबाच्या दुपटीला पाण्याच्या घनतेने भागून वर्गमूळ काढले, की पाण्याचा वेग मिळतो. ४ लाख भागिले १,००० म्हणजे ४००, आणि त्याचे वर्गमूळ २०. पाणी सेकंदाला २० मीटर वेगाने बाहेर पडू लागते.

बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास सुमारे २.२ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटिमीटर. याला सेकंदाला २,००० सेंटिमीटरने गुणले, तर सेकंदाला ७,६०० घन सेंटिमीटर, म्हणजेच ७.६ किलो पाणी. प्रणोद झाला ७.६ गुणिले २० म्हणजे १५२ न्यूटन. रिकाम्या बाणाचे वजन १२० ग्रॅम धरले, तर पाण्यासह ७२० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ७ न्यूटन. वजनाच्या वीसपटीहून अधिक रेटा! पण हे वैभव क्षणभराचे. ६०० ग्रॅम पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपून जाते. डोळ्यांना एक फवारा तेवढा दिसतो. त्यापुढचा सारा प्रवास बाण मिळालेल्या वेगाच्या जोरावर करतो.

पाणी अधिक घातले तर बाण अधिक उंच जाईल काय? टोकाच्या दोन स्थिती मनात आणा. बाटली पूर्ण भरली, तर दाबलेल्या हवेला जागाच नाही, पाण्याला ढकलणार कोण? पाणी अजिबात घातले नाही, तर हवा वेगाने निघून जाते, पण तिचे वस्तुमान अगदी थोडे. म्हणजे सर्वोत्तम मात्रा कोठेतरी मध्ये असणार. साधारण एक तृतीयांश बाटली पाणी हा सुरुवातीला चांगला अंदाज आहे. पुढे प्रत्येक वेळी दाब तोच ठेवून पाणी बदला, उंची मोजा आणि आलेख काढा. त्याचा माथा कोठे येतो ते तुमचे तुम्हीच शोधा.

बाण सरळ का जातो?

पंख आणि शाडू कशासाठी, असे तुम्ही विचाराल. छपरावरचा वातकुक्कुट आठवा. त्याची शेपटी मोठी असते, म्हणून वारा शेपटीला मागे ढकलतो आणि चोच वाऱ्याकडे वळते. बाण ज्या बिंदूभोवती फिरू शकतो तो त्याचा गुरुत्वमध्य, आणि हवेचा रेटा ज्या बिंदूवर एकवटतो तो दाबमध्य. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असला, तर बाण जरा कलंडताच हवा त्याला पुन्हा सरळ करते. पुढे असला, तर हवाच त्याला आणखी कलंडवते आणि बाण कोलांट्या खातो. पंखांमुळे दाबमध्य मागे सरकतो आणि शाडूमुळे गुरुत्वमध्य पुढे येतो. दिवाळीच्या बाणाची लांब काडीही हेच काम करते. काडी मोडलेला बाण कोणाच्या घरात शिरेल याचा नेम नसतो, तो यामुळेच.

याची परीक्षा उडवण्याआधी करता येते. रिकाम्या बाणाला गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधा आणि मोकळ्या जागी डोक्याभोवती गरगर फिरवा. शंकूचे टोक पुढे ठेवून फिरला, तर बाण लायक आहे. आडवातिडवा फिरला, तर शाडू वाढवा किंवा पंख मोठे करा.

उंची मोजू या

कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खडा लोंबकळवा, आणि सरळ कडेला पेनाची रिकामी नळी चिकटवा. झाले तुमचे उंचीमापक! बाणापासून ३० मीटरवर उभे राहा आणि बाण सर्वांत उंच असताना नळीतून त्याच्यावर नेम धरा. नळी आडवी असताना दोरा ९० अंशांवर असतो. तेथून तो जेवढा सरकला, तेवढा उन्नतकोन. समजा, तो ४० अंश आला. ४० अंशांचा टॅन ०.८४. ३० गुणिले ०.८४ म्हणजे २५.२ मीटर, त्यात डोळ्याची उंची दीड मीटर मिळवली की सुमारे २७ मीटर. आठवी-नववीच्या मुलांनी कागदावर प्रमाणात त्रिकोण काढला तरी हेच उत्तर येईल. एक निरीक्षक पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला ठेवून सरासरी घेतली, तर वाऱ्याने आलेली चूक बरीच कमी होते.

आणखी एक निरीक्षण. पडलेली बाटली लगेच उचलून पाहा. तिच्या आत पुष्कळदा पांढरे धुके दिसते. हवा एकाएकी प्रसरण पावली की थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब बनतात. आकाशातले ढग असेच बनतात.

मैदानावर जाण्यापूर्वी

शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय उड्डाण करायचे नाही. जागा मोकळी हवी. शिरूरला घोड नदीच्या आणि दौंडला भीमेच्या काठी माळ पुष्कळ आहेत, पण नदीच्या पात्रात किंवा पाण्याजवळ उडवू नका, बाटली आणायला कोणीतरी पाण्यात उतरतोच. दौंडच्या मुलांनी रेल्वेपासून फार दूर राहावे. तेथल्या तारांत २५,००० व्होल्टची वीज असते. तारेत किंवा झाडात अडकलेला बाण तेथेच सोडून द्या. सकाळची वेळ धरा, उन्हाळ्यात दुपारी वारा सुटतो. सर्वांनी दहा मीटर मागे उभे राहावे, पंप मारणाऱ्याने नळी पुरेल तेवढे लांब आणि डोळ्यांवर चष्मा लावून. काटा ४५ पौंडांवर गेला आणि बूच सुटले नाही, तर पंप थांबवा. बाणावर वाकू नका, त्याला हात लावू नका. पंपाकडचे टोक मोकळे करून हवा जाऊ द्या. ओरखडे पडलेली किंवा चेपलेली बाटली पुन्हा वापरू नका.

या बाणाचा आपल्या भागात आणखी एक फायदा आहे. दिवाळीच्या सुमारास शेतात उसाचे वाळलेले पाचट असते, गोठ्याशेजारी कडब्याची गंज असते. दारूच्या बाणाची एक ठिणगी तेथे पडली तर काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. आपला बाण गंजीवर पडलाच, तर गंज थोडी ओली होईल, एवढेच.

ज्या विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून हे सारे निघाले, त्याने त्या वर्षी आमच्या मैदानावर दाबमापकाचा काटा वाचण्याचे काम मागून घेतले. "वीस... पंचवीस... अठ्ठावीस..." असे तो मोठ्याने म्हणत होता आणि बाकीचे श्वास रोखून ऐकत होते. बाण गेल्यावर सारे वर पाहू लागले. तो मात्र खाली मान घालून डाव्या हाताने वहीत आकडा लिहीत होता, कोणत्या दाबाला बूच सुटले तो.

तुम्हीही तसेच करा. प्रत्येक उड्डाणाचा दाब, पाणी, कोन आणि वारा वहीत लिहा. दहा उड्डाणे झाली की वही आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा, आणि त्यांना हा प्रश्न विचारा : बाणाचे वजन शाडू घालून दुप्पट केले, तर उंची नेमकी निम्मी होईल काय? उत्तर आधी तर्काने द्या आणि मग मैदानावर पडताळून पाहा.